नामर्दपणाचा शिक्का आणि दवाखान्याची पायरी

मोर्चात पोलिसांची लाठी अंगावर घेणारा आमचा कार्यकर्ता एका गोष्टीपुढे मात्र मुका होतो. लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही, हे तो बायकोशी बोलत नाही आणि डॉक्टरशीही नाही. आम्ही वस्तीत अभ्यासवर्ग घेतो. संविधान, आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी कायदा यांवर रात्री उशिरापर्यंत वाद झडतात. वर्ग संपला की कुणीतरी मागे रेंगाळतो आणि म्हणतो, "दादा, एका मित्राचं विचारायचं होतं." हा मित्र कोण, हे आम्हाला विचारावे लागत नाही.

या मुकेपणावर एक अख्खा धंदा उभा आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेलगतच्या भिंतींवर "गुप्तरोग, मर्दानी ताकद, गॅरंटी" वाचतच आम्ही मोठे झालो. मुळात अशा आजारांवरच्या औषधांची आणि लैंगिक शक्ती वाढवण्याच्या दाव्यांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा ७० वर्षांचा झाला, भिंती तशाच रंगलेल्या आहेत. जडीबुटीच्या नावाने विकल्या गेलेल्या काही पुड्यांत तपासणीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलेच औषध, मिसळलेले निघाले आहे. छातीत दुखते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने नकळत अशी पुडी घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

आणि ही भीती आली कुठून? वीर्याचा थेंब म्हणजे कित्येक थेंब रक्त, ते सांडले की पुरुष संपला, ही शिकवण ब्रह्मचर्याचे स्तोम माजवणाऱ्या परंपरेची आहे. मनुस्मृतीची होळी साजरी करणारा तरुण हस्तमैथुनाने आपण कायमचे निकामी झालो असे मानतो, तेव्हा ती परंपरा त्याच्या अंथरुणापर्यंत पोचलेली असते. हस्तमैथुनाने ताठरता जात नाही. वैद्यकशास्त्राला हे केव्हाच ठाऊक आहे.

ताठरता हा प्रामुख्याने रक्ताभिसरणाचा आणि मज्जातंतूंचा मामला आहे. मेंदूतून इशारा जातो, लिंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरते आणि तिथेच अडून राहते. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब करतो. उच्च रक्तदाब, तंबाखू, दारू यांचाही यात हात असतो. (बावीस प्रतिज्ञा घेऊनही 'थोडीशी चालते' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावे.) लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे चोंदण्याची खूण पुष्कळदा तिथे आधी दिसते आणि हृदयाचे दुखणे नंतर येते. म्हणजे ज्याला तो तरुण 'नामर्दपणा' समजून लपवतो, तो हृदयविकाराचा पहिला निरोप असू शकतो.

तरुणांत कारण मनातलेही असते. बेकारी, कर्ज, एका खोलीत सहा माणसे, पहिल्या रात्रीची धास्ती. पहाटे झोपेत ताठरता येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत आहे असे समजावे. एखाद्या वेळी जमले नाही म्हणजे आजार नव्हे. तीनेक महिने तसेच चालले तर तपासून घ्यावे.

१९३४ साली 'समाजस्वास्थ्य'चे र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी छापून उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. न्यायालयात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. लोकांना शंका विचारण्याचा आणि जाणकाराला उत्तर देण्याचा हक्क आहे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या वर्गात 'हे विषय इथे नकोत' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही हा खटला ऐकवतो. काही ऐकतात, काही उठून जातात.

सर्वांत मोठी किंमत बाई मोजते. मूल होत नाही म्हणून बाबाकडे, देवऋषाकडे तिलाच नेतात, वांझ तीच ठरते, आणि नवरा बाहेर ओट्यावर बसून राहतो. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. मग त्या मैत्रिणीला निदान खरे तरी सांगा.

जायचे कुठे? सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत. केसपेपर काढा. रांगेत सर्वांसमोर बोलायला जड जात असेल तर "डॉक्टर, एक मिनिट बाजूला बोलायचंय" एवढे म्हणा, आणि आत 'अशक्तपणा' न म्हणता "ताठरता येत नाही" असेच सांगा. अशक्तपणा म्हटले की टॉनिक लिहून मिळते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटल्यास सकाळच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन तपासतात. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही त्रास होतो, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. सिल्डेनाफिल चिठ्ठीवरच घ्यावे. मनाचा ताण असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येते.

आमचा एक रिक्षावाला मित्र वर्षभर पुड्या घेत होता, हजारो रुपये गेले. शेवटी आम्ही सोबत गेलो. साखर तीनशेच्या वर निघाली. आता गोळ्या चालू आहेत, तंबाखू सुटली आहे, रात्रीचे पुष्कळ सुधारले आहे म्हणतो. पुढच्या तपासणीला त्याची बायको सोबत जाणार आहे.