पत्त्यातील सहा अंक

भिलाईला जाणाऱ्या पाकिटावर पत्त्याच्या शेवटी ४९०००१ हे सहा अंक लिहिलेले आढळतात. लिहिणारा ते लिहितो आणि विसरतो.

१९५५ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. नाना प्रांतांतून माणसे तेथे कामाला गेली. त्यांत मराठी माणसेही होती. घरची पत्रे ज्याच्या त्याच्या लिपीत येत. टपाल निवडणाऱ्याला साऱ्या लिपी कशा याव्यात? शिवाय देशात एकाच नावाची गावे किती! ही अडचण ओळखून केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली. वेलणकर मूळचे कोकणातले आणि संस्कृतचे नाटककार. शब्दांत रमणाऱ्या माणसाने देशाला अंकांचा पत्ता द्यावा, हेही नवलच. १५ ऑगस्ट १९७२ पासून योजना अमलात आली. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या वाट्याला पहिला अंक ४ आला. म्हणून नागपूर आणि भिलाई यांचा आरंभ एकाच अंकाने होतो.

येथवर ही संख्या माणसाने नेमून दिलेली आहे. तिचा स्वभाव मात्र कोणी नेमून दिलेला नाही.

४९०००० हा ७०० चा वर्ग. २, ५ आणि ७ एवढ्याच मूळ संख्यांत त्याचे तुकडे पडतात. त्यात केवळ १ मिळवला, की जी संख्या होते तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही. ४९०००१ ही मूळ संख्या आहे. हे कोणाच्या शब्दावर मानण्याची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरते. तिचे दोन अवयव पडत असतील, तर त्यांतला एक ७०० हून लहान असलाच पाहिजे. ७०० च्या आत १२५ मूळ संख्या आहेत. त्यांतही, सम संख्येच्या वर्गात १ मिळवला असता, ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्यांनीच भाग जाऊ शकतो, असा जुना सिद्धांत आहे. त्यामुळे ५९ भागाकार पुरतात. २३३ ने भागताना आता जमलेच असे वाटते, आणि बाकी २ उरते. ३३७ ने भागता ३, १५७ ने भागता ४. एखादी दुपार यात सहज सरते. ती वाया गेली, असे म्हणवत नाही.

४, ६ आणि १० यांच्या वर्गांत १ मिळवला, की १७, ३७ आणि १०१ या मूळ संख्या मिळतात. ६९८ आणि ७०२ यांना हे साधत नाही. तेथे ५ ने भाग जातो. मग अशा मूळ संख्या पुढे कोठे तरी संपतात काय? १९१२ मध्ये केंब्रिजच्या गणित परिषदेत एडमुंड लांडाऊ या जर्मन गणितज्ञाने हा प्रश्न मांडला. १९७८ मध्ये हेन्रिक इवानिएत्स यांनी सिद्ध केले, की वर्गात १ मिळवून होणाऱ्या ज्या संख्यांचे मूळ अवयव फार तर दोन असतात, अशा संख्या अनंत आहेत. दोनवरून एकावर येणे अद्याप कोणालाही साधलेले नाही.