ठीक आहे, नेहमीचंच आहे

आमच्या घरी पत्र्याची एक हिरवी पेटी आहे. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं तिच्यातच. तळाला टाचणीनं एकत्र लावलेले दोन कागद आहेत. एक चार पानी, इंग्रजीतला. दुसरा वीतभर, वजनाच्या पट्टीचा. पहिल्यावर आण्णांची सही आहे. ती सही त्यांनी माझ्या शब्दावर केली, म्हणून हे सांगायचं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. इथं खरिपाचा बटाटा होतो, तो पावसाच्या भरवशावर. मृग बरसला की मंचरला पंजाबातून आलेल्या बियाण्याच्या कट्ट्यांभोवती गर्दी होते. एकरानं कुणी बोलत नाही. "औंदा किती कट्टे लावले?" असंच विचारतात. पुढं भाद्रपद-आश्विनात काढणी, आणि भाव पडलेला असला की झाडाखाली आरण लावायची. बटाट्याचा ढीग घालून वरून पाल्यानं झाकला की माल काही आठवडे दम धरतो. भावाची वाट बघायला गरिबाजवळ तेवढी एकच सोय.

मी अकरावीत होतो तेव्हा पठारावर वेफर्सच्या कंपनीची माणसं फिरायला लागली. बियाणं उधारीवर देणार, भाव लागवडीआधीच बांधून देणार, माल तेच नेणार. आण्णांना त्यातलं भावाचं बोलणं पटलं. आदल्या साली त्यांनी मंचरला माल नेला होता आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात बियाण्याचेही पैसे आले नव्हते. आठ रुपये किलो, बाजार पडो की चढो. कुणाला नको वाटेल?

एजंट आमच्याच ओळखीचा. संध्याकाळी तो मोटरसायकलवरून आला आणि ओट्यावर बसून कागद काढले. आई चहा ठेवायला आत गेली. आण्णा सातवी पास. मराठी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे, पण इंग्रजी म्हटलं की हात आखडता. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवले. "वाच रं. बघ काय काय लिवलंय."

घरात इंग्रजी शिकणारा मी पहिला. गावात आण्णा कुणालाही अभिमानानं सांगायचे, पोरगं इंग्रजी फाडफाड वाचतं. मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर नाव, गाव, गट नंबर. ते जमलं. दुसऱ्या पानावर वाक्यं लांब व्हायला लागली. एकेक वाक्य सहा-सहा ओळींचं. 'सोल डिस्क्रेशन' असा एक शब्द आला. सोल म्हणजे बुटाचा तळ, एवढं मला ठाऊक होतं. बटाट्याच्या कागदात बूट कशाला, ते कळेना. पुढं 'रिस्क' दिसला, तो ओळखीचा, पण कुणाची रिस्क आणि कधीपर्यंत, हे त्या वाक्यातून सुटेना. एजंट घड्याळ बघत होता. आण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी उरलेली पानं उलटली आणि म्हणालो, "ठीक आहे. नेहमीचंच आहे."

आण्णांनी सही केली.

त्या साली पीक चांगलं आलं. ३० कट्टे बियाणं लावलं होतं, पाला बघूनच माणूस थांबायचा. कंपनीच्या माणसानं येऊन पाला कापायला सांगितला, साल पक्की झाल्यावर काढणीचा दिवस ठरवून दिला. आम्ही मजूर लावले, बटाटा काढला, कंपनीनं दिलेल्या पिशव्यांत भरून बांधावर थप्पी मारली. २४० पिशव्या. परवा गाडी येईल म्हणाले.

परवाची गाडी सोळाव्या दिवशी आली. मधे परतीचा पाऊस पडला. आम्ही ताडपत्री टाकली, पुन्हा काढली, रात्री उठून चर खणला. आण्णा म्हणाले, पिशव्या सोडून आरण लावू. एजंट म्हणाला, पिशव्या सोडू नका, गाडी उद्या येतीय. चौथ्या दिवशी खालच्या थराला वास सुटला. एक बटाटा सडला की त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, पिशवीत तर हे फारच लवकर होतं. ४० पिशव्या आम्ही ओढ्याकडेच्या खड्ड्यात ओतल्या.

उरलेल्या २०० केंद्रावर गेल्या. तिथं चाळणी होती. ४५ मिलिमीटरच्या आतला बटाटा बाजूला, ८५ च्या वरचा बाजूला. हिरवट पडलेला बाजूला. मग नमुन्याच्या चकत्या करून तेलात तळल्या. बटाट्यात साखर जास्त असली की चकती काळपट होते, आणि तसला माल वेफरला चालत नाही. ही तपासणी खोटी नव्हती, हे मी आज कबूल करतो. पण ७० पिशव्या परत निघाल्या, आणि त्यातल्या किती त्या सोळा दिवसांनी परत पाठवल्या, हे मोजायची चाळणी तिथं नव्हती.

घेतलेल्या मालात शंभराला दोन किलो माती-ओलाव्याची कट. ६,३७० किलोचे ५०,९६० रुपये, त्यातून बियाण्याचे २१,०००. हातात २९,९६०. त्यातून खत, औषध आणि मजुरी भागवायची होती. परतलेल्या पिशव्या मंचरला अडीच रुपयांनी गेल्या.

खरं तर त्या साली बाजार एवढा पडला होता, की ज्यांचा माल पहिल्या आठवड्यात उचलला त्यांनी कंपनीला दुवा दिला. आठ रुपयांचा भाव कंपनीनं मोडला नाही. म्हणून करारच वाईट, असं मी कधी म्हणत नाही. आमच्याच पठारावर पुढच्या एका साली बाजार चढला, तेव्हा करार केलेल्या काहींनी रात्रीतून माल व्यापाऱ्याला घातला. त्यांनीही कागद वाचला नव्हता. दुसरीकडं विकलं तर पुढच्या हंगामाला बियाणं बंद आणि उधारीची रक्कम लगेच वसूल, हे त्यात लिहिलेलं होतं. झालंही तसंच. न वाचलेला कागद दोन्हीकडून चावतो.

कॉलेज संपल्यावर मी डिक्शनरी घेऊन ती चार पानं बसून वाचली. 'सोल डिस्क्रेशन' म्हणजे सर्वस्वी त्यांची मर्जी. माल कधी उचलायचा ते कंपनी तिच्या गरजेप्रमाणे ठरवणार. केंद्रावर वजन आणि तपासणी होईपर्यंत मालाची सगळी जोखीम शेतकऱ्याची. प्रतीबद्दल कंपनीचा निर्णय अखेरचा. तंटा झालाच तर लांबच्या एका मोठ्या शहराच्या कोर्टात. म्हणजे आमच्या बांधावर जे घडलं ते सगळं कागदात आधीच लिहून ठेवलेलं होतं. कुणी फसवलं म्हणावं, तर सांगितलं होतं. फक्त ते वाचणारा मी होतो.

आमच्यातल्या पुष्कळांना वाटतं, कायदा आहे की पाठीशी. उसाच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. त्यासाठीही आंदोलनं करावी लागतात, पण बोट ठेवायला ओळ तरी आहे. बटाट्याला, काकडीला, बियाण्याच्या प्लॉटला तशी ओळ नाही. करारशेतीसाठी केंद्रानं २०२० साली कायदा केला. त्यात तंटा प्रांताधिकाऱ्याकडं नेण्याची सोय होती, कोर्टाची वाट मात्र बंद केली होती. आंदोलनानंतर २०२१ मध्ये तो इतर दोन कायद्यांबरोबर मागं घेतला गेला. भांडणाच्या वेळी सगळे पहिल्यांदा विचारतात, कागदावर काय लिहिलंय? म्हणून कागदच नीट पाहिजे.

आता मी मंचरला नोकरी करतो, पण ज्येष्ठात रविवारी गावी असतो. त्या दिवसांत ओट्यावर चार-दोन माणसं कागद घेऊन येतात. मी वकील नाही. मी फक्त मोठ्यानं मराठीत वाचतो आणि काही गोष्टी शोधतो. माल कुठल्या घटकेला आपला राहत नाही, बांधावर की केंद्रावर? ठरल्या दिवशी गाडी आली नाही तर नुकसान कुणाचं? परत केलेल्या मालाचं भाडं कुणी द्यायचं? वजन आपल्या डोळ्यांदेखत होणार का, पैसे किती दिवसांत? पीकच गेलं तर बियाण्याची उधारी माफ की पुढं? आणि सही केलेली एक प्रत आपल्या पेटीत येणार का? भावाचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच्या खालचं कुणी विचारत नाही.

एका साली सात जणांनी मिळून मागणी केली, काढणीची तारीख दिल्यापासून पाच दिवसांत माल उचलला नाही तर तो बाहेर विकायची मुभा द्या. कंपनीचा माणूस आधी म्हणाला, छापील कागद आहे, बदलत नाही. सात जणांनी त्या दिवशी सही केली नाही. आठवड्यानं तो परत आला आणि ती ओळ हातानं लिहून खाली सही-शिक्का दिला. कोर्टाची ओळ मात्र बदलली नाही, ती तशीच आहे. एकट्या आण्णांना ती पाच दिवसांची ओळ मिळाली असती का? कदाचित नसती मिळाली. पण मागायची असते, हे तरी कळलं असतं.

ओट्यावरची ती संध्याकाळ मी बरीच वर्षं मनात ठेवली होती. एकदा रात्री जेवताना बोलून टाकलं. "आण्णा, तवा मला काहीच कळलं नव्हतं. मी उगाच ठीक आहे म्हणालो."

आण्णा भाकरी मोडत होते. म्हणाले, "म्हाईत हाय. पयली दोन पानं लई वेळ बघत हुतास, अन् मग पटापटा उलटलीस."

"मग सही का केलीत?"

"एजंट बसला हुता समोर. पोराला येत न्हाई, असं त्याच्यापुढं कसं म्हणायचं?"

मला पुढं घास गेला नाही. त्यांनी मात्र जेवण पुरं केलं.

हल्ली ओट्यावर कागद वाचताना आण्णा भिंतीला टेकून ऐकत असतात. न कळणारी ओळ आजही येते. मग मी सगळ्यांसमोर सांगतो, हे मला समजलं नाही, उद्या मंचरला वकिलाला विचारून येतो, तोवर सही करू नका. पहिल्यांदा असं म्हणालो, तेव्हा कागदवाल्याचं तोंड पडलं. तिकडून आण्णा म्हणाले, "थांब की एक दिस. पाऊस कुठं आलाय अजून?"