आधी पिस्टन, मग ब्लॉक

भायखळ्याहून लालबागच्या उड्डाणपुलावर चढलो तेव्हा गाडी ठीक होती. पुलाच्या मध्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. पूल उतरून परळला गाडी कडेला घेईपर्यंत इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका येऊ लागला होता. मी इंजिन बंद केलं. ते पुन्हा चालू व्हायला अकरा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने तर काम कुणाला द्यायचं हे ठरवण्यातच गेले.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 2004 च्या सुमारास ती आपल्याकडे आली तेव्हा पेट्रोलवरची टर्बो गाडी म्हणजे नवलाईच होती. 1781 सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. मी ती पुष्कळ उशिरा, जुनी म्हणून घेतली. ठाकूरद्वारच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने अशी गाडी घ्यावी यावर आईचा एकच प्रश्न होता, "ठेवणार कुठे?"

इंजिन गेलं ते माझ्याच चुकीने. ती चूक कळायला आधी टर्बो कळायला हवा. टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली तिचं पेटंट घेतलं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चाक फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबायची. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. दामटून आणलेली गाडी तशीच बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल करपतं. मी वर्षानुवर्षं तेच केलं, वर तेल स्वस्तातलं घातलं. करपलेल्या तेलाचा काळा गाळ खाली साचला आणि तेल ओढणाऱ्या नळीची जाळी बुजली. बेअरिंगांना तेल मिळेना. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे होते.

आता खोललंच आहे तर दणकट करून घेऊ, असं मनाने घेतलं. या इंजिनाचं दुखणं जाणकारांना पाठ आहे. टर्बोचा दाब वाढवला की ताकद सहज वाढते, पण मूळचे कनेक्टिंग रॉड ती ताकद पेलताना वाकतात. म्हणून घडीव रॉड, घडीव पिस्टन आणि मग 250 अश्वशक्ती, असा माझा बेत होता.

पहिलं दुकान काचेचं होतं. आत गारवा, भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांचे फोटो. बसल्या बसल्या प्रश्न आला, "किती बीएचपी हवेत?" मी 250 म्हटलं. "300 करून देऊ." ब्लॉक कुणी पाहिला नव्हता, गाडी कुठे चालवतो हेही कुणी विचारलं नव्हतं. नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं होतं. तो विषय काढला तर उत्तर मिळालं, "ते आम्ही बघून घेतो." ब्लॉकचं बोअरिंग, म्हणजे ओरखडे पडलेले सिलिंडर कापून मोठे करण्याचं काम, कुठे होणार, हे विचारल्यावर मात्र समोरचा माणूस पहिल्यांदाच थांबला. "बाहेरून करून आणतो." बाहेर म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

दुसरं गॅरेज दादरचं. मेस्त्री मनाने सरळ, टॅक्सीवाल्यांचा त्याच्यावर जीव. तिथे एक इंजिन सुटं करून ठेवलेलं होतं आणि त्याचे सगळे नटबोल्ट डालडाच्या एका डब्यात होते. क्रँकच्या मेन बेअरिंगच्या टोप्याही एकावर एक रचलेल्या. या टोप्या ब्लॉकला बसवून मगच त्यांची भोकं एका रेषेत कापलेली असतात. त्यांची अदलाबदल झाली तर क्रँक नीट बसत नाही. "यांचा नंबर कसा कळणार?" मी विचारलं. "होतं हो सगळं बरोबर," मेस्त्री म्हणाला. टॅक्सीचं इंजिन मी त्याच्याकडे डोळे मिटून दिलं असतं.

ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात एका दुकानदाराजवळ हे रडगाणं गायलो. तो म्हणाला, "गॅरेज नंतर शोधा. आधी बोअरिंगवाला शोधा." आणि त्याने मला लालबागला पाठवलं.

चिवडा गल्लीच्या पुढे, मिरची कुटण्याचा खकाणा नाकात जाईल इतक्या अंतरावर, दीड गाळ्याचं दुकान. आत बोअरिंगचं मशीन, होनिंगचं मशीन, एक लेथ, आणि चष्मा कपाळावर सरकवलेले साठीतले काका. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते एका गिरणीच्या वर्कशॉपात नवे टर्नर होते. गिरणी पुन्हा उघडलीच नाही, हातातली कला मात्र सुटली नाही. पुढे पद्मिनी टॅक्सीची इंजिनं बोअर करण्यातच त्यांची हयात गेली. ते इंजिन 1089 सीसीचं, सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर. हे त्यांनी पाढा म्हणावा तसं सांगितलं.

मी ब्लॉक दाखवला. त्यांनी बोअर गेज आत सोडला आणि वर, मध्ये, खाली, उभं-आडवं असं सहा ठिकाणी मोजलं. चारही सिलिंडर झाल्यावर विचारलं, "पिस्टन खंय आसत?"

पिस्टन अजून मागवलेच नव्हते. मी म्हटलं, साडेएक्याऐंशी मिलिमीटरच्या बोअरचे येणार आहेत, तुम्ही तोवर बोअर करून ठेवा.

"आधी पिस्टन हाड, मगे बोल," असं म्हणून त्यांनी ब्लॉकवर फडकं टाकलं.

मला राग आला. गणपती दोन महिन्यांवर होते, आणि त्या दिवसांत या गल्लीत गाडीच काय, हातगाडीही शिरत नाही. माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला आणि समजावलं. ओतीव पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात तीन-चार शतांश मिलिमीटर फट चालते. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्याला जवळजवळ दुप्पट लागते. फट कमी ठेवली तर पिस्टन चिकटतो, जास्त ठेवली तर खडखडतो आणि तेल खातो. "खोक्यावर छापलेला आकडा खोक्याचा. पिस्टनचा आकडा पिस्टन हातात आल्यावर कळतो." मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवतोस कुठे?"

गिरगाव ते परळ, मी खरं सांगितलं. सुट्टीत कधी पुणे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची गाड्यांची शर्यत होते, तिथे एकदा उतरायची हौस आहे.

"म्हणजे 250 घोडे हिंदमाताच्या सिग्नलला उभे करणार."

त्या चहात माझा अर्धा बेत विरघळला. आतले भाग दणकट करायचे, पण टर्बोचा दाब मूळचाच ठेवायचा, असं ठरलं. जोडणीसाठी काकांनीच परळच्या एका गॅरेजचं नाव दिलं. तिथला मेस्त्री तिशीतला. त्याने प्रत्येक टोपी, प्रत्येक बोल्ट नंबर टाकलेल्या पिशवीत ठेवला. रिंगच्या दोन टोकांमधली फट त्याने प्रत्येक सिलिंडरमध्ये रिंग बसवून मोजली. टर्बोत उष्णता जास्त असते. रिंग फुगून तिची टोकं एकमेकांना टेकली तर पिस्टनची कड फुटते. ट्यूनिंग मात्र आपल्याला जमत नाही, ते दुसऱ्याकडून करून घ्या, हे त्याने आपणहून सांगितलं. मी काम त्याला दिलं ते या वाक्यानंतर.

पिस्टन गणपतीनंतर आले. काकांनी चारही मायक्रोमीटरने मोजले. तीन 81.42 मिलिमीटर भरले, एक 81.43. सगळे एकाच खोक्यातले. परळच्या मेस्त्रीने आणलेली जाड लोखंडी प्लेट त्यांनी हेडच्या जागी ब्लॉकवर बसवली आणि बोल्ट पुरे आवळले. हेड आवळल्यावर सिलिंडरचा गोल किंचित चेपतो, म्हणून होनिंग, म्हणजे भिंतीची शेवटची घासणीही, त्याच ताणाखाली करायची. काम दोन दिवस चाललं. शेवटच्या टप्प्यात दोन-चार फेऱ्या मारायच्या, थांबायचं, ब्लॉक गार होऊ द्यायचा, मग मोजायचं. मोजण्यात कापण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

घडीव रॉड, नवी बेअरिंग, नवा ऑइल पंप, नवी जाळी घालून इंजिन जोडलं. पहिले हजार किलोमीटर मी गाडी हळू चालवली. पाचशेला तेल बदललं तेव्हा मेस्त्रीने जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरला. धातूचा कीस नव्हता. आता लांबून आलो की मी मिनिटभर इंजिन चालू ठेवून गाडीत बसून राहतो. चाळीतली पोरं विचारतात, काका, उतरत का नाही?

कुणी मला चांगल्या गॅरेजचा पत्ता विचारतं. मी म्हणतो, दुकानात जाऊन एवढंच विचारा, "पिस्टन यायच्या आत बोअर करून ठेवाल का?" हो म्हणाले तर ब्लॉक उचलून घरी आणा.

ग्लोव्ह बॉक्समध्ये काकांनी दिलेला वहीचा फाडलेला कागद आहे. त्यावर सिलिंडरचे चार आकडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत: 81.50, 81.50, 81.51, 81.50. मोठा पिस्टन तिसऱ्यात आहे. गाडी कधी विकली तर हा कागद गाडीबरोबर जाईल.