घरी धुतलेला रोल

आमच्या भागात रोल डेव्हलप करत नाहीत, धुतात. ‘रोल धुवायला टाकलाय, परवा या,’ हे वाक्य उंब्रजला मामांच्या स्टुडिओत मी लहानपणापासून ऐकत आलो. गिऱ्हाइकांना वाटे, मामाच धुतात. प्रत्यक्षात मामा फोटो काढत आणि रोल धुवायची मामी.

रात्री जेवणं उरकून भांडी घासून झाली, की ती मागच्या खोलीत जायची. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला गोधडीची घडी. टँक, रीळ, झाकण ठरलेल्या जागी मांडून मग दिवा मालवायचा. हाताला सापडलं नाही म्हणून दिवा लावायची सोय नसते. पँक्रोमॅटिक फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. पण दिवा मालवण्याआधी ती बाहेर डोकावून मामांना एक प्रश्न विचारायची. न चुकता.

“ऊन कसं हुतं वो?”

मामा सांगत, “टळटळीत. पालीची यात्रा, भर दुपार.” किंवा, “आभाळ होतं दिवसभर.” त्यावर ती मिनिटं ठरवायची.

या प्रश्नात फोटोग्राफीचं निम्मं शास्त्र होतं, हे मला फार उशिरा कळलं. निगेटिव्हमध्ये सावलीतला तपशील येतो तो फोटो काढताना दिलेल्या प्रकाशातून. उजेडाचा भाग किती दाट व्हायचा, हे मात्र बऱ्याच अंशी धुण्याच्या वेळेवर ठरतं. पालीला खंडोबाच्या यात्रेत, पौषातल्या कडक दुपारी, भंडारा उधळलेला असतो. डोळ्याला पिवळा दिसणारा भंडारा काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जवळजवळ पांढराच उतरतो. त्याच चौकटीत फेट्याच्या सावलीतला काळवंडलेला चेहराही असतो. हा रोल नेहमीइतका वेळ धुतला, तर भंडाऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग मिळतो. म्हणून मामा प्रकाश थोडा जास्त द्यायचे आणि मामी वेळ साधारण पाचव्या हिश्शानं कमी करायची. एक ऊन दोघांनी मिळून सांभाळलेलं असायचं.

पुढे दादासाहेब फाळक्यांविषयी वाचताना मला मामी पुन्हा भेटली. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणवलं. कच्ची फिल्म बिनछिद्रांची यायची. दादरच्या राहत्या घरात अंधारात बसून तिला छिद्रं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. रसायनं कालवायला आणि फिल्म धुवायलाही त्या शिकल्या, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लोकांपुढे आला, त्यामागे घरातली ही अंधारी खोली होती. या सिनेमाची फिल्म घरात धुतली गेली आणि त्या कामात एका गृहिणीचे हात होते, याचा मला अभिमान वाटतो.

मग रंगीत रोल आले आणि मामीची खोली थंडावली. रंगीत रोलचं काम निराळं. १९७२पासून जगभर चालत आलेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवून सव्वातीन मिनिटं द्यावी लागतात. तापमान पाव अंश हललं तरी रंग सरकू शकतात. ते यंत्राचं काम आहे आणि यंत्र ते उत्तम करतं. मामा रोल पिशवीत बांधून एसटीनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवत. तिसऱ्या दिवशी पाकीट येई.

एकदा काळा-पांढरा रोलही त्याच पिशवीतून गेला. मामी माहेरी गेली होती आणि मामांना घाई होती. त्यात आजीचे फोटो होते, पालीच्या तिच्या शेवटच्या यात्रेचे. परत आलेल्या निगेटिव्हवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एक सरळ ओरखडा होता आणि भंडारा साफ उडालेला. ओरखडा चुकीनं पडला असेल. भंडारा मात्र कुणाच्या चुकीनं गेला नव्हता. त्या दिवशी आलेले सगळे रोल एकाच वेळेवर धुतले गेले; ऊन कसं होतं, हे तिथं विचारणारं कुणी नव्हतं.

घरीही चुका होतात. पुढे मी स्वतः धुवायला लागलो, तेव्हा तिसऱ्या रोलात डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, ओतला. रोल काचेसारखा कोरा निघाला, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम गेल्या. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत आकडा आहे, १, २, ३, आणि त्या त्याच क्रमानं उभ्या असतात.

घरी धुण्यात खरी परीक्षा असते ती पाण्याची. पुस्तकातलं २० अंश तापमान आमच्याकडे थंडीतल्या पहाटेच मिळतं. डी-७६ डेव्हलपर एकास एक पातळ करून एचपी-५ फिल्म धुवायला २० अंशांवर जितकी मिनिटं लागतात, त्याहून २४ अंशांवर बरीच कमी लागतात. उन्हाळ्यात नळाचं पाणी हाताला कोमट लागतं. मामी माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यातलं पाणी वापरायची आणि बोट बुडवून अंदाज घ्यायची, विरजण लावण्याआधी दुधाचा घ्यावा तसा. मी थर्मामीटर वापरतो. पण माठ तोच आहे.

पावसाळ्यात कृष्णा आणि तारळी दोन्ही गढूळ होऊन येतात. ते पाणी तुरटी फिरवून निवळायचं, उकळायचं, चौपदरी फडक्यातून गाळायचं. नाहीतर ओल्या फिल्मवर बारीक कण रुततात. बोअरचं पाणी जड, वाळताना डाग सोडतं. म्हणून शेवटची धुणी मी डिस्टिल्ड वॉटरनं करतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी हायवेवरच्या गॅरेजात मिळतं तेच. पाणी कमी असेल, तर टँक भरून पाच वेळा उलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टँक पाण्यात रोल नीट धुऊन होतो.

डी-७६ घरीही करता येतो: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून मेटॉल आधी. पण हातमोजे घातल्याशिवाय याला शिवू नका. मामीच्या बोटांना वर्षानुवर्षं भेगा होत्या. आम्ही त्याला भांड्यांच्या राखेचा दोष देत आलो. मेटॉलनं कातडीला असा त्रास होतो, हे मी पुढे वाचलं आणि फार वाईट वाटलं. स्वयंपाकघरातलं एकही भांडं या कामाला घेऊ नका. आणि वापरलेला हायपो नदीत जाता कामा नये. त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते, ती पाण्यातल्या जिवांना घातक. मी तो कॅनमध्ये साठवतो आणि विट्याकडच्या ओळखीच्या गलाईवाल्याला देतो. त्याला चांदी मिळते, कृष्णा वाचते.

आता पुन्हा तरुण मुलं जुने कॅमेरे घेऊन येतात आणि विचारतात, घरी धुवावं की लॅबला द्यावं? माझं उत्तर ठरलेलं आहे. रंगीत रोल लॅबला द्या. काळा-पांढरा स्वतः धुवा. पहिला रोल मात्र कुणाच्या लग्नाचा किंवा आजीचा नको; शेताचा, नदीचा, घरच्या मांजराचा घ्या आणि तो बिघडला तरी दुसरा धुवा. हायपो पुरा द्या, पाणी पुरं द्या. मामीनं धुतलेली निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत, आजही स्वच्छ आणि दाट. त्याच कपाटातले रंगीत फोटो तांबूस झाले आहेत.

आणि दिवा मालवण्याआधी वहीत एक ओळ लिहा: ऊन कसं होतं. ते तुम्हीच पाहिलेलं असतं.