तीन वर्षांची खोली

कोथरूडच्या कुठल्याही गल्लीतून चाला, एखाद्या तरी इमारतीभोवती पत्रे लागलेले दिसतील. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या, बिनलिफ्टच्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. २०१९च्या सरकारी निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांनी संमती दिली की काम पुढे सरकतं. बिल्डर महिन्याचं भाडं देतो, टेम्पोचा खर्च देतो, तीन वर्षांत ताबा देऊ असं लिहून देतो. पण त्या तीन वर्षांत आजेसासऱ्यांचं शिसवी कपाट कुठे उभं राहणार, याचं कलम आमच्या करारात नव्हतं. मिळालेलं भाड्याचं घर लहान, तेव्हा सामानासाठी वेगळी खोली शोधणं आलं.

अशा खोल्या आता शहराच्या कडेने, महामार्गालगतच्या गोदामांतून मिळतात. एक प्रकार असा, की तुमची बंद खोली, तुमचं कुलूप, मनात येईल तेव्हा जाऊन उघडा. दुसरा प्रकार स्वस्त. कंपनीची माणसं घरी येतात, सामान बांधतात, यादी करतात आणि आपल्या गोदामात रचून ठेवतात. एखादी वस्तू हवी झाली तर आधी कळवायचं, ती शोधून काढायचे पैसे भरायचे. हिशेबाने दुसरा प्रकार बरा दिसतो. मला तो पटला नाही. ज्या सामानाला तीन वर्षं हात लावायचा नाही असं आज ठरवता येतं, ते मुळात ठेवायचं तरी कशाला? हिवाळा आला की रजया आठवणार, मुलीच्या परीक्षेत जुनी वही आठवणार. खोली थोडी लहान चालेल, पण तिची किल्ली आपल्या दाराशेजारच्या खिळ्याला हवी.

प्रत्येक ठिकाणी सासूबाई बरोबर होत्या. भाडं, अनामत, जीएसटी हे सगळं मी विचारत होते, त्या एकच विचारत होत्या, “इथून ओढा कुठून जातो हो?” दाखवायला आलेली तरुण मुलं गोंधळून जात. सासूबाईंचं माहेर नारायण पेठेत, मुठेपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदी पेठांत शिरली. माणसं वेळेवर उंचावर गेली म्हणून वाचली. वाड्याच्या खालच्या खोल्यांतलं सगळं गाळात गेलं: पाट, रांगोळीचे डबे, वडिलांच्या वह्या, आईचं लग्नातलं लुगडं. गाळ उपसताना एक तांब्याचा हंडा तेवढा सापडला. त्याच्या कडेला तेव्हाचा पोचा अजून आहे. त्या म्हणाल्या, “अगं, पाणी आधी खालचं खातं. तळमजला घ्यायचा नाही.” त्यांची भीती जुनी असेल, चुकीची नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली. पुण्यात जागा बघताना उतार कुठे आहे हे आधी बघावं, मग भाडं.

पुरापेक्षा हळू येते ती ओल. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलात भट्टी पेटते आणि जुलैत तीच भिंत घाम गाळते. सागवान आणि शिसव ते सोसून जातं. प्लायवूड फुगतं, त्याचा पापुद्रा सुटतो. गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली तर आतली दमट हवा आतच राहते आणि बुरशी धरते, तिला सुती चादरच बरी. फ्रीज पुसून, कोरडा करून, दार किलकिलं ठेवूनच बंद खोलीत न्यावा. पुस्तकांचं मला सगळ्यांत जास्त भय होतं. बांधणीतली खळ कसरीला आवडते, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत वाळवीला आयतं घर मिळतं. म्हणून झाकणाच्या पेट्या घेतल्या, पुस्तकं उन्हात तापवली, मधूनमधून वाळलेला कडुनिंब घातला, आणि पेट्या जमिनीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायच्या असं ठरवलं. दिवाळी अंकांचे गठ्ठे बांधताना मात्र सगळेच जण अंक उघडून वाचत बसले. कुणी कुणाला उठवलं नाही.

खोली ठरली आणि फॉर्म आला. काय घेणार नाही त्याची यादी त्यात होती: गॅसची टाकी, रॉकेल, फटाके, धान्य, लोणची-पापड, रोपं. मी ती यादी दोनदा वाचली. चूल, अन्न आणि तुळस सोडून उरतं ते सामान. विम्यासाठी प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायची होती. वॉशिंग मशीन, पंखे, पलंग, सगळ्यांपुढे आकडे लिहिले. फोटोंच्या अल्बमपुढे हात थांबला. सासऱ्यांनी बदलीच्या गावांहून पाठवलेल्या पत्रांपुढेही थांबला. त्या दोन ओळी मी खोडल्या आणि अल्बम, पत्रं लहान घरात घेऊन जायचं ठरवलं. जिची किंमत लिहिता येत नाही, ती वस्तू परक्या छताखाली ठेवू नये असं मला मनापासून वाटतं, मग बिछान्याखाली का होईना जागा करावी लागली तरी चालेल.

राहिली सासऱ्यांची पेटी. बाजाची पेटी बंद ठेवली की तिचा भाता कडक होतो, उंदीर-कसर लागते, सूर बसतात. तिला वाजवणारे हातच लागतात. आमच्याच गल्लीत एक बाई मुलांना गाणं शिकवतात. पेटी त्यांच्याकडे दिली. परत आलो की घेऊन येऊ. ज्या दिवशी दिली त्याच संध्याकाळी तिच्यावर भूप वाजत होता. सासूबाई सज्जात खुर्ची घेऊन ऐकत बसल्या. शिलाई मशीन आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या लेकीकडे गेलं, ते तिलाच दिलं. हंडा अर्थातच सासूबाईंच्या खोलीत आला.

तुम्हीही अशी जागा शोधणार असाल, तर मार्च-एप्रिलात बघून ठरवू नका. तेव्हा प्रत्येक गोदाम ठणठणीत कोरडं असतं. जुलैत, झड लागलेली असताना जा. भिंतीला तळहात लावा, कोपऱ्यात वाकून वास घ्या, पत्र्याकडे वर बघा. आणि घरातलं सगळ्यांत मोठं माणूस बरोबर न्या.