पाखंड ठरवलेल्यांची मोजदाद

तेराव्या शतकात यादवांच्या राज्यात चक्रधरस्वामींनी एक पंथ उभा केला. देवता कितीही असोत, मोक्ष देणारा परमेश्वर एकच. जातीचा विटाळ नाही. बाईला संन्यास आहे. धर्म सांगायचा तो मराठीत. एवढे सगळे एकदम बोलणाऱ्याला त्या काळच्या धर्मपीठांनी पाखंडी ठरवले, यात नवल नाही. पंथाचे आजचे नाव महानुभाव. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी, आणि पंथ या गावाला स्वामींच्या चरणांकित गावांत धरतो. त्या पाखंडातले काय काय आटत चालले आहे, त्याची ही यादी. पूर्ण नाही.

ओटा

मूर्ती नाही, कोरीवकाम नाही. स्वामी जिथे बसले, जेवले, निजले तिथे बांधलेला गुडघाभर चौथरा. त्यावर माथा टेकायचा, विडा वाहायचा. कोणता ओटा कशाचा, हे सांगायला स्थानपोथी आहे. गावात शिरताना वेस कोणत्या अंगाला, तिथून मठ कोणत्या दिशेला, मठाचे दार कुणीकडे तोंड करून. मग चौकात आसन, पडवीत आरोगणा, आत पहुड. परिश्रयाची, म्हणजे शौचाची जागासुद्धा नोंदलेली. आपल्या देवाबद्दल इतके रोखठोक लिहिणारे धार्मिक वाङ्मय थोडेच.

आता चुन्याच्या ओट्यावर संगमरवर चढतो, वर शिखर येते. ओटा जात नाही. जातात त्या त्याच्या खुणा. वेस रस्तारुंदीत पडली, मठ बुजला, झाड तोडले की पोथीतले ‘वायव्येस’ कशाच्या वायव्येस, ते सांगायला कोणी उरत नाही.

शेजारचे देऊळ

हे नाहीसे होत नाही, म्हणूनच यादीत हवे. सिन्नरात गोंदेश्वराचे पंचायतन काळ्या दगडात उभे आहे. भूमिज शिखर, पुढे नंदीचा मंडप, भोवती कुंपण, दारात पुरातत्त्व खात्याची पाटी. गावात कोणालाही विचारा, देऊळ हेमाडपंती म्हणून सांगतील. हेमाद्री हा महादेवराय आणि रामदेवराय यादवांचा करणाधिप. देऊळ त्याच्या आधीचे. व्रतवैकल्यांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारा हाच हेमाद्री महानुभावांच्या ग्रंथांत स्वामींचा छळ करणारा म्हणून येतो. त्याने न बांधलेल्या देवळालाही त्याचे नाव चिकटले. स्वामींच्या स्थानांना पाटी मिळाली ती भाविकांनी स्वतःच्या खर्चाने लावली तेवढीच.

विशेष

स्वामींचा स्पर्श झालेल्या जागेचा दगड, वस्त्राचा धागा, ओट्याचा कपचा. डबीत, कापडात गुंडाळून देवपूजेत ठेवायचा आणि वंदन करताना कोणता कुठला ते म्हणायचे. दगड दगडासारखाच दिसतो. त्याची सगळी किंमत त्या सांगण्यात. सांगणारी आजी गेली आणि सुनेने विचारून ठेवले नाही, तर डबीत खडे उरतात.

सकळ लिपी

अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, कुठे नुसती खूण. पोथी परक्या हाती पडली तरी वाचता येऊ नये, ही सोय. पंथात अशा आणखीही लिप्या झाल्या, पण मुख्य ही. गुरूने शिष्याला शिकवायची, बाहेर न्यायची नाही. परिणाम असा की मराठी गद्याचे आद्य ग्रंथ मराठी माणसापासून काही शतके लपून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधून प्रसिद्ध केली, पुढे काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांपुढे उघडल्या. आता छापील प्रती मिळतात. लिपी गुप्त राहिली नाही, आणि ती सरसर वाचणारेही फारसे राहिले नाहीत.

मूळ प्रत

म्हाइंभट स्वामींशी वाद घालायला आला आणि शिष्य झाला. स्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्याने स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आठवणी घेतल्या, मग गावोगाव फिरून ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून तपासले. शेतातल्या माणसाची साक्षसुद्धा घेतली. त्यातून लीळाचरित्र झाले. परंपरा सांगते की मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि पाठ असलेल्यांनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा लिहिली. त्यामुळे एकाच लीळेचे अनेक पाठ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून संपादलेली आवृत्ती 1978 साली आली. मूळ नाहीच, आहेत त्या आठवणींच्या प्रती.

आम्नाय

फुटून निघालेल्यांतूनही माणसे फुटली. नागदेवाचार्यांनंतर चौदाव्या शतकात पंथाच्या तेरा शाखा, म्हणजे आम्नाय, झाले. आज ऐकू येतात त्या मुख्यतः दोन, उपाध्ये आणि कवीश्वर. बाकीच्यांचे वाद कशावरून होते, ते त्या त्या शाखेच्या पोथ्यांत. वादही जपावा लागतो, नाहीतर एकमत होते ते माणसे संपल्यामुळे.

झोळी

अटन, विजन, भिक्षा, भोजन. संन्याशाचा दिवस एवढ्यात संपे. दारोदार जे मिळेल ते एकाच झोळीत, कालवण आणि भाकरी एकत्र. नदीकाठी बसून खायचे, चवीचा विचार करायचा नाही. रात्री गावाबाहेर. आता आश्रम आहेत, शिधा येतो, गाडी आहे. सोय वाईट नव्हे. पण भिक्षेमुळे संन्यासी रोज अनोळखी उंबऱ्यावर उभा राहत असे. झोळीबरोबर ते उभे राहणे गेले.

उत्तरेकडचे मठ

पंथ पंजाबात गेला, तिथे त्याला जयकृष्णी म्हणत. पुढे पेशावर, काबूलपर्यंत पोचला. घरी पंजाबी बोलणारी माणसे पूजेला बसली की मराठी म्हणत. फाळणीने पेशावरकडचे ते सगळे संपवले. सक्ती नसताना परमुलखातल्या माणसाने धर्मासाठी मराठी शिकावी, असे क्वचितच घडते.

म्हण

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.’ गाव काळ्या वस्त्रातल्या साधूकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ते या चार शब्दांत आहे. आता ही म्हण ऐकू येत नाही. जावी. यादीतली हीच एक वस्तू गेल्याचे दुःख नाही.

विटाळाचे उत्तर

बायका बाजूला बसल्या होत्या. स्वामींनी कारण विचारले, कळले, आणि त्यांनी सांगितले त्याचा आशय असा : नाकातून, डोळ्यांतून मळ जातो तसाच हाही देहाचा मळ, त्याला बाजूला कशाला बसायचे? तेराव्या शतकात हे बोलले गेले, ऐकणाऱ्यांनी न लाजता लक्षात ठेवले, म्हाइंभटाने लिहून ठेवले. ओट्याला संगमरवर लावणाऱ्या महाराष्ट्रात अजूनही कित्येक घरांत चार दिवस बाजूला बसतात. पंथाची स्थाने उजळत आहेत, विद्यापीठात त्याचे ग्रंथ लागले आहेत, मराठी भाषा विद्यापीठ पंथाच्या तीर्थक्षेत्री, खुद्द रिद्धपुरात आले आहे. मान मिळाला, ते बरेच झाले. पण पाखंड म्हणून ज्याची चीड होती ते हे उत्तर. आणि मान देताना लोकांनी नेमके तेवढे वगळले.

आता वाचणाऱ्यांना विनंती. सिन्नरात, नाशकात, कुठेही ओट्यावर नवे बांधकाम काढाल तेव्हा आधी चारी बाजूंनी फोटो घ्या, मापे घ्या, शेजारची विहीर, पार, रस्ता कोणत्या दिशेला किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून डबीतल्या प्रत्येक विशेषाचे गाव विचारून चिठ्ठी बांधा. आणि माळ्यावर न वाचता येणाऱ्या अक्षरातली जुनी पोथी निघाली, तर पुण्य समजून ती गोदावरीत सोडू नका. ती सकळ लिपीतली असू शकते. आधी वाचणारा शोधा.