गवत्या उंदीर खात नाही. मग त्याला का सोडायचं?

पावसाळा लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे फोटो हमखास येतात. एक धबधब्याचे आणि दुसरे मारलेल्या सापाचे. धबधब्याखाली लिहिलेलं असतं, "या मावळात". सापाखाली लिहिलेलं असतं, "भाऊ, हा कुठला? विषारी आहे का?" साप तोवर ठेचलेला असतो. आधी काठी, मग चौकशी.

लावणीच्या दिवसांत वडेश्वरच्या पुढच्या एका वाडीतून असाच फोटो आला. बांधावर पडलेला दोन-अडीच फुटांचा हिरवागार साप आणि खाली मजकूर, "हिरवा नाग मारला, फणा काढत होता". ग्रुपवर पंचवीसेक जणांनी अंगठे दिले. मारलेला होता गवत्या. माणसाचं काहीही वाकडं न करणारा साप. आज त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या आंदर मावळातल्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आधी ओळख. गवत्या म्हणजे पाठीला गवतासारखा हिरवा, पोटाला फिकट, आणि चकचकीत नव्हे तर मखमलीसारखा खरबरीत दिसणारा साप. खवल्यांवर मधोमध बारीक कणा असतो, म्हणून ही खरबरीत अंगलट. डोळ्याची बाहुली गोल. तो झाडावर क्वचितच चढतो, जमिनीवरच गवतातून हिंडतो, दिवसा आणि तिन्हीसांजेला. घाबरला की मान चपटी करतो आणि पुढचं अंग उचलतो. त्याची ही नक्कलच त्याच्या जिवावर बेतते, कारण बघणाऱ्याला वाटतं नाग. पिल्लू तर आणखी फसवं. त्याच्या मानेवर बाणासारखी काळी खूण आणि आजूबाजूला पिवळट-नारिंगी रंग असतो. रंग भडक म्हणजे विषारी, असं आपणच ठरवून टाकतो आणि पिल्लूही जातं.

आपल्याकडे हिरवे साप तीन, आणि लोक तिघांना एकाच मापात मोजतात. गवत्या सांगितला. दुसरा हरणटोळ. छडीसारखा बारीक, टोकदार नाकाचा, फांदीवर लोंबणारा. हा टाळू फोडतो असं आपल्याकडे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही. त्याचं विष सरडे-बेडकांपुरतं. तिसरा चापडा. त्रिकोणी डोकं, बारीक मान, उभी बाहुली, ओढ्याकाठच्या झुडपात किंवा बांबूत वेटोळं घालून तासन् तास बसणारा. हा मात्र विषारी आहे. त्याच्या चाव्याने माणूस दगावणं विरळ, पण सूज आणि वेदना भयंकर. आणि आपल्याकडचं प्रतिविष बनतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर. चापडा त्या यादीत नाही. म्हणून हिरवा दिसला की पकडायला जाऊ नका आणि मारायलाही जाऊ नका. मागे सरका.

आता मुद्द्याचं. सापाबद्दल प्रबोधन करताना आपण सगळे एकच वाक्य वापरतो, "साप शेतकऱ्याचा मित्र आहे, तो उंदीर खातो." शाळेत हेच, नागपंचमीच्या भाषणात हेच. मी स्वतः हे वाक्य बातम्यांत कित्येकदा छापलंय. धामणीला ते तंतोतंत लागू आहे. भाताच्या खाचराला आणि धान्याच्या कणगीला धामणीइतका चांगला राखणदार नाही.

पण गवत्या उंदीर खात नाही. त्याचं खाणं ठरलेलं आहे. मुख्यतः भेक, म्हणजे तो चामखिळी अंगाचा, कोरड्या कातडीचा, ओट्याखाली बसणारा बेडूक. साधे बेडूकही तो अधूनमधून खातो, पण खरा भर भेकावर. आणि भेक हा काही सोपा घास नाही. त्याच्या डोळ्यांमागे ज्या फुगीर गाठी असतात त्यांत विष असतं. घरच्या कुत्र्याने कधी भेकाला तोंड लावलेलं बघितलं असेल, तर तोंडाला आलेला फेसही आठवत असेल. त्या विषाचा परिणाम थेट हृदयावर होतो. त्यामुळे बहुतेक जनावरं भेकाच्या वाटेला जात नाहीत. गवत्या ते विष पचवून गिळतो.

जपानमधला याचा एक चुलतभाऊ आहे, त्याच कुळातला. तो भेक खातो आणि त्याचं विष नुसतं पचवत नाही, तर मानेवरच्या ग्रंथींमध्ये साठवून ठेवतो. कुणी हल्ला केला की तीच मान पुढे करतो. म्हणजे उसनं घेतलेलं हत्यार. २००७ साली तिथल्या सापांवर झालेल्या अभ्यासात हे सिद्ध झालं. ज्या बेटावर भेकच नाहीत, तिथल्या सापांच्या मानेत हे विष सापडलं नाही. खाणं बदललं की संरक्षणही गेलं.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडू. भेक खातो किडे, मुंग्या, वाळवी, भुंगेरे. म्हणजे शेतकऱ्याचा मित्र खरा तर भेक. आणि गवत्या त्या मित्रालाच खातो. "उपयोगाचा असेल तर सोडा" हाच नियम लावायचा, तर गवत्या नापास. त्याच्या बाजूने बोलायला उंदीरवाला मुद्दा कामाचा नाही.

म्हणूनच मला गवत्याबद्दल लिहावंसं वाटलं. कारण आपण ज्या फूटपट्टीने सापाला मोजतो, त्याच फूटपट्टीने त्याच्या घरालाही मोजतोय.

गवत्याचं घर म्हणजे गवत. डोंगरउतारावरचं, सड्यावरचं, खाचरांच्या बांधावरचं, ओढ्याच्या कडेचं. टाकव्यावरून वर निघालात की वडेश्वर, नागाथली, खांडी, कुसूरपर्यंत पावसाळ्यात हे गवत कमरेइतकं वाढतं. ठोकळवाडीचं पाणी एका अंगाला आणि गवताचे उतार दुसऱ्या अंगाला. १९२२ पासून या धरणाचं पाणी घाटाखाली भिवपुरीला जाऊन वीज बनवतंय. पाण्याची किंमत शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. गवताची किंमत मात्र कुणी लावली नाही.

सातबारा काढून बघा. पीकपाहणीच्या रकान्यात गवताच्या जागी काय लिहितात? "गवत पड". किंवा जमीन गेली पोटखराब्यात. म्हणजे सरकारी भाषेत गवत हे पीक नाही, वन नाही, ती नुसती पडून राहिलेली जागा. दिल्लीतही हेच. केंद्राच्या वेस्टलँड ॲटलसमध्ये देशातले कितीतरी गवताळ माळ पडीक म्हणून नोंदलेले आहेत. माळ राखला जातो तो एखाद्या मोठ्या पाहुण्यामुळे. नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य झालं, आपल्याच जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारासाठी झालं. आंदर मावळच्या गवतात ना माळढोक ना चिंकारा. आमच्याकडे गवत्या आहे, भेक आहेत, टिटव्या आहेत, आणि त्या गवतावर दूध देणारी जनावरं आहेत. यांच्यासाठी कोण बोर्ड लावणार?

मग त्या जागेला एकच किंमत उरते, गुंठ्याची. जेसीबी येतो, उतार सपाट होतो, मुरमाचा रस्ता पडतो, तारेचं कुंपण होतं आणि फार्महाऊसचा बोर्ड लागतो. मी कुणाच्या जमीन विकण्याच्या विरोधात नाही. पोरीचं लग्न, आजारपण, पोराचं शिक्षण, यासाठी गुंठे विकलेली घरं मला माहीत आहेत. भाताच्या चार पोत्यांवर संसार चालत नाही, हे इथल्या माणसाला मी काय सांगायचं. पण जे विकलं ते नक्की काय होतं, याची नोंद तरी असावी. कागदावर "पड" विकली गेली. प्रत्यक्षात एक भरलेलं घर गेलं.

उरलेल्या गवताला उन्हाळ्यात वणवा लागतो. कधी कुणाच्या बिडीने, कधी सहलीला आलेल्यांच्या शेकोटीने, तर कधी "नवं गवत चांगलं फुटतं" म्हणून मुद्दाम लावलेला. साप त्या वेळी बिळात, दगडाखाली असतात. काही वाचतात, काही नाही. वाचलेले पावसात बाहेर येतात तेव्हा लपायला आडोसा नसतो. मग ते सरकतात वस्तीकडे. फार्महाऊसचे दिवे रात्रभर चालू असतात. दिव्याखाली किडे, किड्यांमागे भेक, भेकांमागे गवत्या. आणि मग ग्रुपवर फोटो.

याचा अर्थ सर्पदंश किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी आपल्या लावणी-बेणणीच्या काळात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. भीती खरी आहे. पण गवत्या मारून त्यातला एकही मृत्यू टळत नाही. उलट काठी घेऊन गवतात शिरल्यावर समोर गवत्याच असेल, घोणस नसेल, याची हमी कोण देणार? साप मारायला किंवा धरायला जाऊन चावा घेतलेली माणसं दवाखान्यात येतात, हे कुठल्याही ग्रामीण डॉक्टरला विचारा.

तेव्हा करायचं काय? साध्या गोष्टी आहेत.

गवतात शिरताना गमबूट घाला, हातात काठी असू द्या आणि ती जमिनीवर आपटत चला. भारा उचलण्याआधी काठीने हलवा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी खोचून झोपा, कारण मण्यार रात्रीच येतो.

साप दिसला तर अंतर ठेवा, त्याला वाट द्या. घरात शिरला असेल तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर किंवा नोंदणी असलेल्या सर्पमित्राला फोन करा. गवत्या बिनविषारी आहे म्हणून हातात घेऊन रील बनवू नका.

चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. चौघांवरचं प्रतिविष एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते, जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. बऱ्याच ठिकाणी ही वही म्हणजे कपाटातली फाईल असते. पुढच्या ग्रामसभेत ती बाहेर काढायला सांगा. गवताचे उतार कुठे आहेत, किती आहेत, त्यात काय राहतं, हे गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. बांधावरचं गवत मुळापासून तणनाशक मारून घालवू नका, कापून घ्या. वणव्याआधी जाळपट्टा काढायला वन विभागाकडे आत्ताच अर्ज द्या, मार्चमध्ये नाही.

नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, जमीन खणत नाही, विळीवर चिरत नाही. त्या दिवशी जमिनीखालच्या जिवाला धक्का लागू नये, एवढी साधी समज त्यामागे आहे. त्या जिवाचा उपयोग काय, हे आपल्या आज्यांनी कधी विचारलं नव्हतं. उंदीर खातो म्हणून पूजा, असा हिशेब त्यात नव्हता.

गवत्या तुमचं धान्य राखत नाही आणि तुमच्यावर धावूनही येत नाही. तो गवतात राहतो आणि भेक खातो, बस्स. त्याला सोडून द्यायला एवढं कारण पुरेसं आहे, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आणि तुमच्या गावात या सापाला वेगळं नाव असेल तर तेही नक्की सांगा, मला नोंदवून ठेवायचं आहे.

#आंदरमावळ #गवत्या #मावळ